नातवाच्या खोलीतला बिनताट्यांचा कूलर

ब्राउनश्वाइग, जर्मनी
जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आईस,


बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला बोलूच दिलं नाही, म्हणून हे पत्र. नातवाने काचेच्या डब्यातल्या पाण्याच्या नळ्या दाखवल्या आणि तुम्ही तिकडून ओरडलात, “पाणी अन् करंट एकाच डब्यात? कोणाचं डोकं चाललं हे?” मग आईने फोन ओढून घेतला आणि विषय लोणच्यावर गेला. तर आता सविस्तर सांगते. डोकं तुमच्या नातवाचं, पैसे तुमच्या जावयाचे आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात. पोट्ट्याने स्वतःच्या बचतीतले पैसेही घातले आहेत, पण ते मोजायला गेलं तर स्क्रूंपुरतेच भरतील.

आधी हे लचांड कशासाठी, ते. आपल्याकडे आवाजाचं कोणाला काही वाटत नाही. तुमचा पत्र्याचा कूलर मे महिन्यात रात्रभर घरघरतो म्हणून तर तुम्हाला झोप लागते. लाइन गेली आणि तो थांबला की अख्खं घर उठून बसतं. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि रविवारी दिवसभर. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाव काढायचं नाही. पोट्ट्याचा जुना कॉम्प्युटर गेम सुरू झाला की असा गुरगुरायचा की खालच्या मजल्यावरच्या आजींना ऐकू जाईल या धास्तीने तुमचे जावई त्याच्याखाली चटई घालायचे. चटईने भागेना तेव्हा त्यांनी वरून घोंगडी टाकली. घोंगडीने हवा कोंडली, हवा कोंडल्यामुळे आतली चिप तापली आणि चिप तापल्यामुळे पंखा आणखी जोरात फिरू लागला. इंजिनिअर माणूस!

मग नातवाने जाहीर केलं, की नवीन कॉम्प्युटर घरीच जोडायचा, तो पाण्यावर थंड होणारा हवा आणि त्याचा आवाज शून्य हवा. बरं, आम्ही राहतो ते गावही असं की या धंद्यातली अल्फाकूल नावाची कंपनी इथलीच. म्हणजे माल मिळत नाही, हे कारण सांगायलाही जागा नाही.

तुम्ही विचारलंत, “दिवसाला किती पाणी पिते?” बाबा, थेंबभरही नाही. इथेच तुमच्या कूलरचा आणि याचा रस्ता वेगळा होतो. तुमचा कूलर पाणी खर्च करतो. ताट्यांमधून पाणी झिरपतं, बाहेरची कोरडी गरम हवा ते शोषते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता जाते. म्हणून बाहेर ४५ अंश असले तरी आत बरी हवा येते. जुलैत पाऊस लागला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण तेव्हा हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी मावत नाही. नातवाच्या डब्यातलं पाणी मात्र बंद नळीतच फिरत राहतं. चिपवर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला असतो. पाणी त्याच्या बारीक खाचांमधून जाताना उष्णता उचलतं, रेडिएटरच्या जाळीत नेऊन सोडतं आणि गार होऊन परत येतं. जाळीवरचे पंखे ती उष्णता खोलीत ढकलतात. संपलं. वाफ नाही, ताट्या नाहीत, आईला संध्याकाळी बादल्या ओतायला नकोत.

पण यातला तोटाही ऐका, तुम्हाला बरं वाटेल. वाफ होत नसल्यामुळे हे पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. आमची खोली २१ अंशांवर असते, तेव्हा हे पाणी तिशीच्या आसपास राहतं. तुमच्या कूलरला जे जमतं ते एवढ्या महागड्या यंत्राला जमत नाही. २०१३ च्या मेमध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, आठवतं? त्या दुपारी हा डबा आपल्या ओसरीवर चालवला असता, तर पाणी साठीला टेकलं असतं, आणि आमच्या पंपाच्या कागदावर ६० अंश ही शेवटची मर्यादा छापली आहे. तेव्हा “उन्हाळ्यात भिवापूरला घेऊन येतो” असं नातू म्हणाला, तर त्याला हे वाक्य वाचून दाखवा.

उष्णता तरी किती, म्हणाल. मुख्य चिपचा जो तुकडा खरं काम करतो तो एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही आणि शंभरेक वॉट ओकतो. गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड २५० वॉट. दोघं मिळून ३५० धरा. मी कागदावर हिशेब मांडला (तुमच्याच शाळेत शिकले आहे). एवढी उष्णता लिटरभर पाण्यात नुसती साठू दिली, तर पाणी दर मिनिटाला ५ अंशांनी तापतं, म्हणजे २० अंशांवरून निघालेलं पाणी १६ मिनिटांत उकळी फोडेल. हे ऐकून तुमचे जावई म्हणाले, “मग चहाची सोय होईल.” नातू इतका चिडला की जेवायला आला नाही. नंतर आला.

आणि शांततेबद्दल. पाण्यामुळे शांतता येते, ही विकणाऱ्यांची बोली. खरी शांतता येते ती पंखे हळू फिरवल्याने. पंख्याचा वेग निम्मा केला, की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणून एका पंख्याला जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा सहा पंखे रमतगमत फिरवायचे. सहा पंखे बसवायला जाळी मोठी हवी. चिपच्या डोक्यावर एवढी जाळी मावत नाही, म्हणून पाण्याकरवी उष्णता डब्याच्या कडेला न्यायची, जिथे ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर ऐसपैस बसतात. पाण्याचं माहात्म्य एवढंच. आणि खरं सांगू? तांब्याच्या नळ्यांचा एखादा भलामोठा साधा कूलर चिपवर ठेवला असता आणि कार्ड जरा बेताचं घेतलं असतं, तरी कितीतरी कमी पैशांत जवळजवळ एवढीच शांतता मिळाली असती. हे जावयांना फोनवर सांगू नका. बिल पाहून ते आधीच खूप शांत झाले आहेत.

तुम्ही ट्रॅक्टरचा जुना रेडिएटर पाठवू का म्हणालात तेव्हा नातू खो-खो हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मी त्याला तसं सुनावलंही. पंचवीसेक वर्षांपूर्वी लोकांना हा नाद लागला तेव्हा बाजारात तयार सामान फारसं नव्हतं. मोटारीच्या हीटरची जाळी आणि माशांच्या टाकीचा पंप जोडूनच लोक कॉम्प्युटर गार करत. अडचण वेगळीच आहे. आमच्या ठोकळ्यांत तांबं आहे. ट्रॅक्टरची जाळी ॲल्युमिनियमची निघाली तर एकाच पाण्यात हे दोन धातू सुखाने नांदत नाहीत, ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. आणि पाणीही नळाचं चालत नाही. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तो इथे त्या बारीक खाचांत चढला तर झालंच. तुम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता ते डिस्टिल्ड पाणी, आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात थोडं औषध.

जोडणी शनिवारी मांडली. रविवारी बारीक आवाज चालतो, पण पडलेल्या स्क्रूच्या नावाने तुमचे जावई जे बोलतात ते चालत नाही. चिपवर थंडाव्याची पेस्ट लावायची असते, मटारच्या दाण्याएवढी. जावयांचा हात सढळ, म्हणून ते काम मी त्यांच्याकडे दिलंच नाही. नळ्या मऊ घेतल्या. कडक नळ्या दिसायला झकास, पण त्या तापवून वाकवाव्या लागतात आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. पंप कोरडा चालवायचा नाही, हे पुस्तिकेत तांबड्या अक्षरांत लिहिलंय. मला ते वाचायची गरज नव्हती. मार्चमध्ये कूलर माळ्यावरून उतरला की टाकी भरल्याशिवाय तुम्ही आम्हाला बटणाजवळ फिरकू द्यायचे नाही. म्हणून पाण्याची टाकी पंपाच्या वर बसवली आणि नातवाला सांगितलं, की ही भिवापूरची पद्धत आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, करंटचा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या वाचणारा माणूस घाबरणारच, त्यात गैर काही नाही. म्हणून पहिल्यांदा पाणी भरताना बाकी कशालाच वीज द्यायची नाही, फक्त पंपाला द्यायची. त्यासाठी वीजपुरवठ्याच्या मोठ्या प्लगला एक छोटी टोपी बसवतात, की त्याला वाटतं कॉम्प्युटर सुरू झाला. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरायचे आणि २४ तास पाणी फिरू द्यायचं. टिश्यू ओला दिसला की सांधा घट्ट करायचा. तुमचे जावई हातात टॉर्च घेऊन जागलीला बसले. रानडुक्कर काही आलं नाही. मध्यरात्री मात्र “गुडगुड, गुडगुड” असा आवाज सुरू झाला. ते बराच वेळ स्वतःच्या पोटावरून हात फिरवत बसले, ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायले. शेवटी नातू उठला आणि त्याने डबा उचलून एका कुशीवर कलता केला. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा टाकीत निघून गेली आणि आवाज थांबला. ओव्याचा गुण, असं जावयांचं म्हणणं अजून कायम आहे.

पहिल्या दिवशी स्क्रीन लागल्यावर त्यांना भाषण सुचलं. म्हणे हे काही नवीन नाही. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर अख्खेच्या अख्खे एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे दिला नाही, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तो आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या विजय भटकरांच्या देखरेखीखाली. आणि आता पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म असाच चिपला भिडलेल्या द्रवाने गार राहतो. नातू म्हणाला, “बाबा, त्याच्यावर गेम चालते का?” भाषण तिथेच संपलं.

एक फायदा मात्र मला कोणी सांगितला नव्हता. ३५० वॉट कुठेतरी जाणारच, आणि ते जातात पोट्ट्याच्या खोलीत. बाहेर बर्फ, आणि डब्याच्या वरच्या जाळीतून कोमट कोरडा वारा. आई, तू पाठवलेली मुगाची डाळ भिजवली, वाटली आणि मुगवड्या ताटात घालून त्या जाळीवर ठेवल्या. इथल्या जानेवारीत ऊन शोधत फिरण्यापेक्षा हे बरं. अट एवढीच की पोट्ट्याने गेम खेळत राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला “अजून थोडा वेळ खेळ” म्हटलं. त्याने संशयाने माझ्याकडे पाहिलं.

यंत्र आता इतकं मुकं झालंय की ते चालू आहे की बंद, हे दिव्यावरून ओळखावं लागतं. त्याच आनंदात आम्ही खालच्या आजींकडे तुमच्याकडची भिवापुरी मिरची घातलेला चिवडा घेऊन गेलो आणि विचारलं, आता रात्री कॉम्प्युटरचा त्रास तर होत नाही ना? आजी म्हणाल्या, “कॉम्प्युटर? तो तर मला कधीच ऐकू आला नाही. मला तुमचा मुलगा ऐकू येतो.” आणि त्यांनी शब्दशः करून दाखवलं. ऐंशीच्या घरातली जर्मन बाई, हातात चिवड्याची वाटी, आणि तोंडात, “अबे मागून ये ना बे! मेला ना बे तू!”

एवढे पैसे घालून पंखे मुके केले. पोट्ट्याला पाणी फिरवून थंड करायची सोय कुठल्याच कंपनीने काढलेली नाही.

आईला सांगा, पुढच्या पार्सलात मिरची पूड दुहेरी पिशवीत बांधून पाठव. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
ताई

ता. क. — पोट्ट्याने हे लिहू नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून लिहिते. तो रात्री ज्यांच्यावर ओरडतो ते जर्मन दोस्त नाहीत, दादाची दोन्ही पोरं आहेत. इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा भिवापुरात अडीच वाजलेले असतात. सध्या कूलर माळ्यावर आहे, तेव्हा कान दिलात तर तुम्हालाही ऐकू येईल.