बाप्पाकाका

नागपुरात बर्डीवर येणाऱ्यांच्या नजरा कपड्यांवर, चपलांवर, मोबाईलच्या कव्हरांवर असतात. आमचे काका तेवढे खाली बघत चालतात, भाजीच्या ढिगांकडे. त्यांचं खरं नाव वेगळं आहे. पण एका वर्षी त्यांना वांग्यात गणपती सापडला, पेपरात फोटो आला, आणि मोदी नंबर दोनपासून मुंजे चौकापर्यंत ते बाप्पाकाका झाले. फोटोत दोघंही होते. ओळखू येत होतं ते वांगं.

एरवी माणूस भाजी घेताना कीड बघतो, जून-कोवळं बघतो. काका सोंड बघतात. एक आलू उचलायचा, अंगठ्यानं माती पुसायची, डोळ्यांशी न्यायचा, हात लांब करून बघायचा, मग उलटा धरायचा. यानंतर शेजारी सांभाराची जुडी निवडत असलेल्या बाईंना विचारायचं, “ताई, यात काय दिसून राहिलं?”

“आलू.”

“नीट पाहा.”

ताई सांभार टाकून पुढच्या दुकानात जातात. भाजीवालीचं गिऱ्हाईक असं रोज एखादं तरी तुटतं.

सापडलेला माल घरी जातो, पण स्वयंपाकघरात नाही. दोन पायांचं गाजर फ्रिजवर, नाकाचा टमाटा टीव्हीजवळ, आणि जुळं केळं थेट काकांच्या पोटात. कारण जुळ्याच्या धास्तीनं ते लेकीसुनांना कोणी देत नाही आणि काकांना आता ती धास्ती नाही. मारुती निघालेला आलू देव्हाऱ्यात आठ दिवस राहिला आणि त्याला कोंब फुटले. काका म्हणाले, शेपटी. काकूंचा प्रश्न मात्र रोजचा आणि साधा असतो, “चिरू की ओवाळू?”

पुतण्या महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात शिकतो. त्यानं एकदा समजावलं. गाजराच्या मुळाचं टोक दगडाला अडलं की मुळाला फाटे फुटतात, म्हणून पाय. ताण पडून मग एकदम पाणी मिळालं की आलूच्या डोळ्यांतून गाठी फुगतात, म्हणून डोकी. टमाट्यात एखादा कप्पा जास्तीचा झाला की तो बाहेर येतो, म्हणून नाक. काकडीत परागीकरण अर्धवट झालं की एक बाजू मागे राहते, म्हणून बाक. भाजीवालीनं हेच कितीतरी आधी चार शब्दांत सांगितलं होतं, “गोटा लागला असंन खाली.”

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “दगड लागला, मान्य. पण तो बरोबर तिथंच कोणी ठेवला?” आणि वर, “वाघ-अस्वलं सांभाळणाऱ्या विद्यापीठानं मला देव शिकवू नये.” महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाकडेच आहे, त्यामुळे पुतण्याची पंचाईत झाली. आणि टेकडीचा गणपती जिथे स्वयंभू म्हणून पुजला जातो, त्या बर्डीवर हा वाद पुतण्या जिंकेल, ही आशाही जरा भाबडीच.

युरोपात 1988 साली काकडीचा बाक ठरवून दिला होता. सर्वोत्तम प्रतीची काकडी दहा सेंटिमीटरला दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली चालत नसे. 2009 मध्ये तो नियम गेला. मी हे सांगितल्यावर काका खरोखर हळहळले. एकवीस वर्षांत किती बाप्पा नापास झाले असतील! जपानातल्या झेन्त्सूजीच्या चौकोनी कलिंगडांना मात्र त्यांनी दारातही उभं केलं नाही. “पेटीत घालून वाढवलेलं? तो साचा झाला. साक्षात्कार नाही.” मला हा फरक पटतो. घडवलेली वस्तू शोकेसमध्ये शोभते. सापडलेली दाखवायला माणूस रस्त्यावर धावतो.

भाजीवाली आता शहाणी झाली आहे. कॉटन मार्केटातून माल आला की वाकडंतिकडं सगळं ती वेगळ्या टोपलीत काढते. पूर्वी हे गाईला जायचं. परवा त्यातला एक आलू काकांनी दोन्ही हातांनी उचलला. सोंड होती, पोट होतं, एक कान थोडा सडका होता.

“कितीचा?”

“पंधराले एक.”

“एका आलूचे पंधरा?”

“आलूचे नाई काका, देवाचे. आलू पाह्यजे असंन तं वजनावर देतो.”

काकांनी इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

“आलूच तोल,” ते म्हणाले.