छप्पन्न लिटर हवा

भाच्याला गाडीत वूफर बसवायचा होता. गाडी माझी, म्हणून परवानगी माझी. पैसेही माझेच, म्हणून उपस्थिती सक्तीची. "मामा, नारायणगावात शिरताना हवा झाली पाहिजे," एवढीच त्याची अट. उसाच्या हंगामात विघ्नहर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी त्याचे कान तयार केलेले. त्या ट्रॅक्टरचा ठेका आधी छातीत येऊन बसतो. ऊस मागाहून येतो.

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. हवा म्हटलं की मोजायला बसतो. बारा इंची वूफरसोबतच्या कागदात लिहिलं होतं : भोकाचा, म्हणजे पोर्टेड बॉक्स करायचा तर आत 56 लिटर हवा हवी, सूर 34 हर्ट्झवर. बंद बॉक्सला पस्तीस-चाळीस लिटरही पुरे. हे गणित ऑस्ट्रेलियातल्या थील यांनी 1961मध्ये मांडलं, पुढे स्मॉल यांनी पक्कं केलं. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरून धरते. भोक ठेवलं की तीच हवा रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमते. भाच्याला अर्थातच घुमायचं होतं.

मंचरला आमच्या सुतारआण्णांकडे गेलो. बैलगाडीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं केलेला हात. "किती बाय किती?" मी ऐटीत सांगितलं, "50 बाय 40 बाय 28 सेंटिमीटर." गुणाकार बरोबर 56 लिटर! जन्मभर पोरांचे मार्क 'एकक लिहिलं नाही' म्हणून कापले. इथं एकक सांगितलं, पण आतून की बाहेरून, ते राहिलं.

आण्णांनी बाहेरून धरलं. 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफनं प्रत्येक बाजूनं आपला वाटा खाल्ला. आत उरले 41 लिटर. त्यात वूफरचं बूड तीन लिटरचं, भोकाची नळी पाचाची. हाती 33. पेटी लहान झाली की सूर चढतो. तो 44च्या आसपास जाऊन बसला. मग लावणी लावा नाहीतर भजन, सगळ्यांचं एकच 'ढुम'. त्या सुराची लाट जवळजवळ आठ मीटरची, आमची आल्टो साडेतीन मीटरची. लाट मावणार कुठं? आतली हवाच सगळी एकदम दाबली जाते, सुटते, आणि नंबरप्लेट थडथडते. बायको दारातून म्हणाली, "अहो, गाडीला हीव भरलंय का?"

पलीकडे खोडदच्या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातली कुजबुज टिपत असतात. त्यांना फक्त रेडिओलहरी कळतात, हे आमचं नशीब.

आण्णा आले. भोकापुढं तळवा धरून वारा घेतला. "गुरुजी, ढोलकीला भोक ठेवत्यात व्हय?" तमाशापंढरी नारायणगाव हाकेवर असताना ढोलकीच्या दाखल्यापुढं थील-स्मॉल काय टिकणार! त्यांनी नळी उपटली, भोकावर फळी ठोकली, सांध्यांत फेव्हिकॉल भरला. नळीची जागा परत मिळाली : 38 लिटर, बंद. पुन्हा लावणी लावली. ढोलकीची थाप न् थाप सुटी ऐकू आली.

आण्णा खूश, मी खूश. भाचा नारायणगावातून चक्कर मारून आला आणि किल्ली टेबलावर टाकली.

"आवाज चांगलाय मामा. पण हवा नाही झाली."

"आहे की अडतीस लिटर," मी म्हटलं, "बाहेर यायला भोक नाही."