वजन विचारता, उंची कोण विचारणार?

इमारतीत जिम येणार म्हटलं की सोसायटीच्या सभेत एकच प्रश्न गाजतो : स्लॅब किती इंची आहे? राहत्या खोलीचा स्लॅब आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून काढतात. सोफा, कपाट, पाहुणे असं ठेवलेलं वजन. आपटलेलं नव्हे!

100 किलोची बारबेल 2 मीटरवरून सुटली आणि उघड्या फरशीवर 1 सेंटीमीटरात थांबली, तर सरासरी धक्का 20 टनांचा. तीच रबराच्या जाड थरात 10 सेंटीमीटर दबत थांबली, तर 2 टनांच्या आसपास. वजन तेच, उंची तीच. नुसती जाडी वाढवून स्लॅबला भोक पडण्याचा धोका कमी होतो, धक्का नव्हे. तो वरच्या थरातच मारावा लागतो.

आघात जबर असेल तर खरी इजा खालून होते. धक्क्याची लाट स्लॅबच्या तळाशी पोचून उलटते आणि काँक्रीटला ताणते. दाबाला खंबीर असलेलं काँक्रीट ताणाला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच टिकतं. वर फरशीवर साधा ओरखडा, खाली सळई उघडी पडलेली! म्हणून जिम, वर्कशॉप, लोखंडाचं गोदाम असेल तर आरसीसी कन्सल्टंटला लेखी सांगा : सगळ्यात जड वस्तू किती किलोची आणि ती किती उंचीवरून पडू शकते. तळाची जाळी, रिंगा, वरचा मऊ थर हे सगळं त्यावर ठरतं. जमिनीवर टेकलेला तळमजला मिळत असेल तर वरच्या मजल्याचा हट्ट कशाला?

घरातली सगळ्यात जड पडणारी वस्तू मात्र स्लॅबच. मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींत वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन कोसळला, माणसं गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये गुरुग्रामच्या एका टॉवरात सहाव्या मजल्यापासून तेच घडलं. पडणारा अख्खा स्लॅब झेलेल असा स्लॅब घराला कुणी बांधत नाही. वरचा पडू न देणं एवढंच हातात असतं. तेव्हा जुन्या इमारतीत लादी बदलताना ब्रेकर लावण्याआधी इंजिनिअरला वर आणा, आणि राडारोड्याचा ढीग खोलीच्या मधोमध साचू न देता गोण्या त्याच दिवशी खाली उतरवा.