लहरींचा कस्टोडियन

गोव्याच्या ज्या मये गावातील जमीन १९६४ च्या कायद्यान्वये 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून कस्टोडियनच्या स्वाधीन झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच चूल पेटविणाऱ्यांना आपल्याच उंबरठ्याच्या हक्कासाठी २०१४ च्या कायद्यापर्यंत ताटकळावे लागले, त्याच गावातील आमच्या शेजारच्या भाऊंनी आपल्या वायफायच्या अदृश्य लहरींवर एका सायंकाळात निर्वेध मालकी प्रस्थापित करावी, हे सर्वथैव स्तुत्य होय. वीस अक्षरांचा संकेतशब्द, नेटवर्कचे नाव गुप्त, आणि घरातील प्रत्येक यंत्राच्या पत्त्याची रीतसर नोंद! (वहिनींच्या मोबाइललाही अर्जाअंतीच प्रवेश मिळाला, हमीदार मात्र मागितला नाही.) राउटरची मुख्य किल्ली तेवढी, कारखान्यातून आली तशीच, 'अ‍ॅडमिन' या आद्य नावाने त्यांनी श्रद्धापूर्वक जतन केली आहे, परंपरेचा मान कोठे तरी राखावाच लागतो.

आमची नम्र सूचना एवढीच, की या लहरींवरही एक कस्टोडियन नेमावा, आणि गडगा ओलांडून परक्याच्या कुळागरात उतरणाऱ्या प्रत्येक लहरीचा तलाठ्यासमक्ष पंचनामा व्हावा.

भाऊंनी नवा मोबाइल घेतला. आधुनिक मोबाइल गोपनीयतेस्तव आपला खरा पत्ता लपवितो, त्यामुळे राउटरने त्यास नोंदीअभावी अनधिकृत ठरविले. मूळ रहिवासी असल्याचा पुरावा सादर न करता आल्याने भाऊ तूर्त आमच्या सोप्यावर बसून, आमच्या बिनकुलुपी लहरींवर, वायफायच्या सुरक्षिततेचे व्हिडिओ पाहतात.