पाणीसाधक

घरी वाइन करणाऱ्यांत काहींचा जीव द्राक्षांत अडकलेला असतो, तर काहींचा पाण्यात. या दुसऱ्या प्रकारातल्या गृहस्थाला पाणीसाधक म्हणता येईल. वसईत, वांद्र्याच्या जुन्या गावठाणात आणि गोव्यात, नाताळच्या वाइनची बरणी माळ्यावरून खाली उतरली की तो दिसू लागतो. एरवी तो निवृत्त, निरुपद्रवी माणूस असतो.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. निव्वळ द्राक्षरसाच्या वाइनला पाणी लागत नाही. पण मनुकांच्या किंवा आल्याच्या घरगुती वाइनमध्ये बरणीचा मोठा भाग पाण्यानेच भरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापर्यंत तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा लागतो. एवढ्याने यीस्ट मरत नाही, पण फळातल्या फिनॉलांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि वाइनला दवाखान्याचा वास येऊ शकतो.

म्हणून साधक रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी भरतो, वर मलमल बांधतो आणि चोवीस तास पहारा देतो. क्लोरीन उडून जातो. चहाला पाणी घ्यायला आलेली सून मात्र पातेल्यापाशीच अडवली जाते. घाईच्या वर्षी तो पाणी वीस मिनिटं उकळतो. त्याने पाण्याचा तात्पुरता जडपणाही जातो; बुडाशी बसलेला पांढरा थर तो पाहुण्यांना अल्बमसारखा दाखवतो. पण उकळताना विरघळलेला प्राणवायूही निघून जातो आणि यीस्टला सुरुवातीला तो हवा असतो. मग पाणी निवल्यावर साधक या पातेल्यातून त्या पातेल्यात, टपरीवरच्या चहावाल्यासारखी हातभर उंच धार धरतो. निम्मं पाणी ओट्यावर सांडतं. शेजारी आरओचं पाणी देऊ करतो. त्यातले क्षार गेलेले असतात, यीस्ट उपाशी राहील, असं सांगून त्याला परत पाठवलं जातं.

खरं संकट अमेरिकेतल्या भाच्याकडून येतं. तिकडच्या अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात; ते नुसतं ठेवून उडत नाही, त्याला कॅम्पडेनची गोळी लागते. भाचा नाताळाआधी डबीभर गोळ्या आणतो. आपल्या नळाला साधा क्लोरीन येतो, हे साधकाला ठाऊक असतं. पण घरात आलेलं औषध वापरायचं नाही म्हणजे काय? एक गोळी साधारण पंचाहत्तर लिटरला पुरते आणि बरणी पाच लिटरची. साधक चष्मा लावून, दाढीच्या पात्याने गोळीचे पंधरा तुकडे करायला बसतो. नवव्या तुकड्याला भुकटी होते.

नाताळला पाहुणा पहिला घोट घेतो, क्षणभर थांबतो आणि चाचरत विचारतो, “अंकल, जरा जास्त गोड झालीय का?” साधकाचा चेहरा उजळतो. साखर घालायचं काम बायकोकडे असतं.