बिनपगारी पंच

जगातली कुठलीही वस्तू ज्याला सुटी दिसतच नाही, रांगेत उभी दिसते, असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. शेवभाजीची वाटी पुढ्यात आली की आपण भाकरी मोडतो. हा आधी नंबर देतो. "चोपड्यात तिसरी. अमळनेर धरलं तर पाचवी." वरातीपुढे बँड वाजू लागला की लोक नाचतात, हा कान देऊन उभा राहतो आणि शेवटी म्हणतो, "मागच्या आखाजीला वाजला तोच दुसरा. हा चौथा." दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत सगळे गप्प उभे असतात, तेव्हाही याचं एक डोळा घड्याळावर ठेवून चाललेलं असतं. निकाल तो तिथे सांगत नाही, एवढी रीत त्याला आहे. घरी येताना सांगतो.

चोपड्याचा आमचा नमुना वयाने तिशी ओलांडलेला, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला आणि सध्या चुलत्याच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेला आहे. गावात त्याला पंच म्हणतात. हे नाव त्याला कुणी मानाने दिलेलं नाही, पण त्याने ते मानाने घेतलं. त्याच्या सगळ्या क्रमवाऱ्यांत एकच क्रमवारी अशी आहे की जिच्यासाठी तो गिऱ्हाईक ताटकळत ठेवतो: 'ड्रॅगन बॉल'मधल्या स्पर्धा. खताच्या कंपनीने दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, 19:19:19 च्या चित्राच्या पाठीशी, ती यादी पेनाने लिहिलेली आहे. खाडाखोड इतकी, की तलाठ्याच्या जुन्या दप्तरातला एखादा फेरफार वाटावा.

ज्यांची पोरं अजून या वाटेला गेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराने 1984 साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा सुरू केली. शेपटीवाला गोकू हा तिचा नायक. तिच्यावरून 1986 पासून टीव्हीवरची मालिका निघाली. मग 'ड्रॅगन बॉल झेड', मग बऱ्याच वर्षांनी 'सुपर'. दर काही भागांनी कथेत कुस्त्यांचा फड लागतो. कधी गावकऱ्यांसमोर, कधी देवांसमोर. या फडाचं मूळही गमतीचं आहे. त्या साप्ताहिकाचे वाचक पोस्टकार्डावर आपली आवड कळवत आणि त्या कार्डांवरून कुठली कथा वर, कुठली खाली, हे ठरे. सुरुवातीला गोकूची गाडी खाली घसरली. तेव्हा तोरिशिमा या संपादकाशी विचारविनिमय होऊन कथेला मारामारीचं वळण मिळालं आणि स्पर्धेने तिला वर काढलं. हे पंचाला कळलं तेव्हा त्याने मला भर दुपारी फोन केला. "म्हणजे बघा, नंबर आधी आला, गोकू नंतर!" त्याच्या आवाजात कुलदैवताचं मूळ ठाणं सापडल्याचा आनंद होता.

त्याला हे वेड लागलं ते केबलवर, कार्टून नेटवर्कमुळे, या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रजी कळत नव्हतं. पण गोकू जे दोन-दोन भाग नुसता ओरडत राहतो, त्याला भाषांतर लागत नाही. अडचण वेगळीच होती. तो काळ खानदेशात भारनियमनाचा. गोकूच्या हातात निळा गोळा तयार व्हायचा, आणि वीज जायची. पंचाने लहानपणी कितीतरी लढतींची फक्त सुरुवात पाहिली आहे. अमळनेरचा मावसभाऊ दुसऱ्या फीडरवर होता. तिथे वीज जायची वेळ निराळी. मग रात्री एसटीडीवरून निकाल यायचा, तोही पल्स पडायच्या आत: "गोकू हारना. ठेवतो." हे असं वाढलेलं पोर पुढे स्पर्धांची क्रमवारी लावतं, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याच्या यादीत पहिली येते बाविसावी तेनकाइची बुडोकाई, म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची स्पर्धा. गंमत अशी की ती गोकू हरतो. एकविसावीही हरतो. तिथे त्याचा गुरू, म्हातारा रोशी, टोप घालून जॅकी चुन नावाने उतरतो आणि पहिल्याच फडात शिष्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्याला हरवतो. दोघेही आडवे होतात, जो आधी उठून, हसून 'मी जिंकलो' म्हणेल त्याचा निकाल, असं ठरतं, म्हातारा उठतो. बक्षिसाचे पाच लाख झेनी बहुतेक सगळे पोराच्या जेवणावर उडतात. हा भाग पंचाच्या आईनेही पाहिला आहे. मधेच गोकूचं राक्षसी माकड होतं आणि ते थांबवायला म्हातारा आकाशातला चंद्रच फोडून टाकतो, तेव्हा पोळी लाटता लाटता तिने विचारलं होतं, "मग कोजागिरी कशी करतील रे ते?" या प्रश्नाचं उत्तर न सापडल्यामुळे एकविसावी स्पर्धा तिसऱ्या नंबराच्या वर कधी गेली नाही.

पण बाविसावी! टिएन नावाचा लढवय्या आणि गोकू. टिएनने एका फटक्यात रिंगणच नाहीसं केलं, तेव्हा जमिनीला आधी टेकेल तो हरला. दोघेही आभाळातून खाली येतायत. गोकूने शेवटची ताकद लावून टिएनला धडक दिलीय. जिंकलाच! आणि रस्त्याने एक गाडी चाललेली असते. गोकू तिच्यावर आदळतो आणि टिएनच्या आधी जमिनीला लागतो. क्षणभराचा फरक. पंच हा प्रसंग सांगताना गल्ल्यावरून उठून उभा राहतो. त्याच्या मते ती गाडी आयशर होती. मी म्हटलं, जपानी कथेत आयशर कुठून येईल? तो म्हणाला, "भाऊ, वीस किलोमीटरवर दुसरी गाडी नसताना नेमकी आडवी येणारी गाडी आयशरच असते. केळीची." काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने एवढं सगळं ऐकून घेतलं, मग शांतपणे विचारलं, "मंग कोन जिकना?" "टिएन." "ऱ्हाऊ दे मंग. युरिया शे का?"

माझं आणि पंचाचं वाकडं आहे ते तेविसाव्या स्पर्धेवरून. तिथे गोकू पिकोलोला हरवतो. हातापायांनी निकामी झालेला, नुसत्या डोक्याच्या धडकेने. आणि जिंकल्यावर त्याच वैऱ्याला औषधी शेंगदाणा (तो वाल असावा, पण पंच शेंगदाणाच म्हणतो) खाऊ घालून उभा करतो. माझ्या मते पहिली हीच. पंच हिला दुसरी देतो, तीही नाइलाजाने. "जिंकणाऱ्याची स्पर्धा काय पाहायची? हरणारा कसा हरला, ते पाहायचं असतं." केळी कापणीला आलेली असताना वादळात आडवी झालेली बाग ज्याने दर दोन-तीन वर्षांनी पाहिली आहे, त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालणं मी सोडून दिलं आहे. मत मात्र सोडलेलं नाही.

सेलच्या खेळाला त्याने मधला कुठलातरी नंबर दिला आहे, आणि त्यावर तो बोलतो ते वेगळ्याच कारणासाठी. सेल हा खलनायक स्वतःच रिंगण बांधतो ("टेंडर न काढता!"), दहा दिवसांची मुदत देतो, टीव्हीवर जाहिरात करतो. गोकू लढून मधेच हार मानतो आणि पोराला पुढे करतो. पोरगा गोहान सेलला संपवतो. आणि सगळ्या जगाला कोण सांगतं की मी मारला? मिस्टर सेटन, ज्याला एका थपडेत सेलने डोंगरावर भिरकावलेलं असतं. इथे पंच काही बोलत नाही, फक्त दुकानासमोरच्या फ्लेक्सकडे बघतो. त्यावर नव्या काँक्रीट रस्त्याबद्दल कुणाचं तरी हार्दिक अभिनंदन केलेलं असतं.

सगळ्यात खाली आहे 'सुपर'मधली टूर्नामेंट ऑफ पॉवर. आठ विश्वं, ऐंशी लढवय्ये, हरलेल्यांचं अख्खं विश्व पुसून टाकणार. वेळ 48 मिनिटं. पंचांगाप्रमाणे 48 मिनिटं म्हणजे बरोबर एक मुहूर्त. 2017 च्या पावसाळ्यात लागलेला हा मुहूर्त 25 मार्च 2018 ला टळला. पस्तीसेक भाग चालला! तेवढ्या काळात चोपडा तालुक्यात कापूस वेचून, विकून, पऱ्हाट्या उपटून झाल्या. तरी शेवटच्या टप्प्यात मेक्सिकोतल्या शहरांनी चौकाचौकात पडदे लावून लोकांना भाग दाखवले, हे ऐकल्यापासून पंचाच्या डोक्यात एक अर्ज घोळतो आहे, नगरपालिकेला द्यायचा. अजून दिलेला नाही. जिंकतो कोण, तर सतरा नंबरचा यंत्रमानव, पोटापाण्याला जंगलातली जनावरं राखणारा. एवढ्या एका गोष्टीवर पंच खूश आहे. यावलच्या अभयारण्यात वनरक्षक असलेल्या त्याच्या वर्गमित्राला त्याने त्या रात्री अभिनंदनाचा फोन केला होता. मित्राला आजही कळलेलं नाही, कशाबद्दल.

घरात त्याला खरा प्रतिस्पर्धी एकच, आबा. चुलत आजोबा. जत्रेतल्या दंगली पाहत ऐंशीच्या घरात पोचलेले. नातवाच्या मोबाइलवर लढत चालू असली की मागून येऊन उभे राहतात आणि दर वेळी एकच विचारतात, "पाठ लागली का?" रिंगणाबाहेर पडला, दहा आकडे मोजून झाले, हे निकाल त्यांना मान्य नाहीत. निकाली कुस्ती म्हणजे पाठ मातीला. आणि क्रमवारी? ती त्यांच्याकडे एका ओळीची आहे: चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 असा लागोपाठ तीनदा 'महाराष्ट्र केसरी' मारला. "तुझा तो गोकू तीनदा लागोपाठ जिकना का?" नाही. पहिल्या तीनपैकी दोन हरला. आबा खाटेवर जाऊन बसतात. वाद संपला.

पंचाचं लग्न जमायला वेळ लागला. खानदेशात शेती आणि दुकान असलेल्या पोराला मुलगी मिळणं अवघड झालंय, हे आता कुणाला सांगायला नको. शिरपूरकडचं एक स्थळ आलं. पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं, आणि या महाभागाने छंद विचारायच्या ऐवजी आपली यादी म्हणून दाखवली. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "पंचविसावी कुठे गेली?"

पंचविसावीत अठरा नंबरची बाई शेवटच्या लढतीत मिस्टर सेटनला बोटावर नाचवू शकत असते. ती त्याच्या कानात सांगते, दोन कोटी झेनी दे, मी हरते. सौदा होतो. ती बाहेर उडी मारते, तो जगज्जेता. "सगळ्या मालिकेत हिशेब कळणारी तेवढी एकच," मुलगी म्हणाली. "बाकीचे सगळे हाडं मोडून घेतात आणि हाती काय? तिने पैसे ठरवले आणि घरी गेली. माझी पहिली तीच."

पंच खाली आला तो लाल होऊन. घरच्यांना वाटलं, स्थळ फिसकटलं. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला. कारण विचारलं तर म्हणाला, "चुकीची आहे, पण तिच्याकडे यादी आहे."

8 मार्च 2024 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, तोरियामा गेल्याची बातमी आली. तो 1 तारखेलाच गेला होता. उपास सगळ्या घराचाच होता, त्यामुळे पंच जेवला नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. तिने भगर केली होती, आणि ती पुढे ठेवून वाट पाहिली. त्या भगरीला त्याने नंबर दिला नाही. तिच्या मते लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

आता दुकानात दुपारी तीही बसते. उधारीची वही तिच्या हातात आल्यापासून वसुली सुधारली आहे, असं चुलते सांगतात. कॅलेंडरच्या मागची यादी दोन अक्षरांत आहे. सध्या पहिल्या नंबरावर त्याच्या हातची बाविसावी आणि तिच्या हातची पंचविसावी, अशा दोन्ही आहेत, तेविसावी तिसरी, आणि खाली कुणीतरी थरथरत्या हाताने 'विजय चौधरी' असं लिहून ठेवलं आहे. तुमचं मत निराळं असेल तर दुकान सकाळी नऊला उघडतं. खरेदीची सक्ती नाही. फक्त पेरणीच्या दिवसांत जाऊ नका, मागे युरियाची रांग असते.