अकरावी मॅट्रिक

अकोल्याच्या जठारपेठेत कुणाला "शिक्षण किती?" असं विचारायचं असेल, तर मॅट्रिककाका जवळपास नाहीत ना, तेवढं आधी पाहून घ्यावं. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर काकाच देतात. "आम्ही अकरावी मॅट्रिक! तुमी दहावी करून राहिले अन् स्वतःले मॅट्रिक म्हणून राहिले!" समोरचा कधी कधी हृदयरोगतज्ज्ञ असतो. तोही मान खाली घालतो.

याच्या मुळाशी मार्च 1975 आहे. त्या महिन्यात महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी बसली आणि 10+2+3 या नव्या आकृतिबंधाची दहावीही बसली. काका जुन्यात, त्यांच्याहून वर्षभराने धाकटा भाऊ नव्यात. एकाच शाळेतून, एकाच निकालात दोघंही मॅट्रिक! आईने पेढे एकदाच आणले. हा अपमान काका अजून विसरलेले नाहीत.

शाळा खाजगी, फक्त मुलांची. काकांचे आजोबा तिथून मॅट्रिक झाले तेव्हा अकोला सीपी अँड बेरारमध्ये होतं, वडील झाले तेव्हा मध्य प्रदेशात आणि काकांच्या वेळी महाराष्ट्रात. "राज्यं तीन झाली, छडी तीच होती," असं काका अभिमानाने सांगतात. ती खाल्ली तिघांनीही, हे मात्र भाऊ सांगतो.

त्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. वऱ्हाडातलं ऊन तापलं की शाळा सकाळची व्हायची आणि दुपारभर पोट्टे मोर्णेच्या काठाने हिंडायचे. स्नेहसंमेलनात मुलींची कामं मुलांनीच करायची. मिशी सगळ्यांत उशिरा फुटल्यामुळे काका 'एकच प्याला'त सिंधू झाले होते. सुधाकर नववीत तिसऱ्यांदा बसलेला, त्यामुळे पतीचा दरारा त्याच्यात आपोआपच आला होता. प्याल्यात रूहअफजा होतं. त्याने तो इतक्यांदा भरून घेतला की शेवटी मुख्याध्यापकांनीच पडदा पाडायला लावला. काकांचा मरणाचा प्रवेश राहिला तो राहिलाच. आजही दोन आलुबोंडे खाऊ घातले तर चौकात करून दाखवतात.

आता त्या शाळेत मुलीही आहेत. पोरं केस विंचरून येतात, वेळेवर येतात, याचं काकांना मनस्वी दुःख आहे. "शाळेची शिस्त बिघडली!"

भाऊ फार वाद घालत नाही. एकदाच हिशेब मांडला होता त्याने: "दादा, तू अकरावीनंतर एक वर्ष करून पदवीला बसलास, मी दहावीनंतर दोन. बेरीज दोघांचीही बाराच."

"बेरीज दहावीतही शिकवतात, ठाऊक आहे," काका म्हणाले.

परवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. दारात प्रत्येकाच्या छातीवर वर्षाचा बिल्ला लावत होते. दोघा भावांना '1975' मिळाला. काकांनी खिशातलं पेन काढून खाली ठळक लिहिलं: 'अकरावी'. भावाने तेच पेन मागून घेतलं आणि आपल्या बिल्ल्यावर लिहिलं: 'एका वर्षाने हुशार'.

काकांनी पेन परत घेतलं नाही.